क्रॉसिंग

रूळ काढून नेले त्याला किती वर्षं झाली
यावर इंगोले आणि पुष्पलताचं लाडेगावपासून भांडण चाललंय,
तुटक तुटक,
कारण गिट्टीवर तोंड उघडलं की जीभ चावली जाते.

आम्ही पाच जण. दहावी ब.
सगळे पन्नाशी ओलांडलेले.
चार सायकली भाड्याच्या, पाचवी तायडेच्या पुतणीची,
गुलाबी, तिच्यावर तायडे स्वतः,
घंटीवर अजून चिकटून असलेलं फुलपाखरू.

मोबीनच्या खिशात वेळापत्रक आहे.
त्याचे अब्बा या गाडीवर गार्ड होते.
कागद घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी,
आणि मोबीनची अट एकच :
जायचं तर गाडीच्या वेळेनं जायचं.
लाडेगाव आठ पाच.
पिंपळखुटा आठ सत्तावन्न, थांबा चार मिनिटं.
चार म्हणजे चार.
पुष्पलता बाभळीच्या काट्यातून ओढणी सोडवत असते
आणि हा शिटी वाजवतो.

दोन्हीकडं तूर, शेंगांनी वाकलेली,
पलीकडं कापसाची दुसरी वेचणी.
मधून ही पट्टी, वावरापेक्षा हातभर उंच.
सडक वळते तशी ही वळत नाही,
वळायचं आधी मनात आणते,
अर्धा कोस विचार करते,
आणि आपण वळलो हे आपल्याला
ऊन दुसऱ्या कानावर आल्यावर कळतं.

पिंपळखुट्याला फलकाचा अर्धाच भाग उभा : ‘खुटा’.
त्याला एक बकरी बांधलेली.
शाळेच्या वऱ्हांड्यात रुळाचा वीतभर तुकडा टांगलाय,
शिपाई तो लोखंडी कांबीनं बडवतो,
तेवढाच या मार्गाचा आवाज आता.
मोबीननं तो तुकडा धरून पाहिला.
हलत होता अजून.
“सात मिनिटं बिफोर आलो आपण,” तो म्हणाला.
“गाडीच्या?” इंगोलेनं विचारलं,
आणि छातीत दोन स्टेंट असलेला हा माणूस
बढती मिळाल्यासारखा लाजला.

बोरखेडला मात्र अडलो.
कागदावर लिहिलेलं : क्रॉसिंग. एकवीस मिनिटं.
एकच लाइन. समोरची आल्याशिवाय
आपल्याला पुढं जाता येत नाही.
“अरे पण समोरची—” तायडे म्हणाला,
आणि मोबीनकडं बघून
त्यानं गुलाबी सायकल स्टँडवर लावली.

बसलो. रोडगे सोडले, वांग्याची भाजी डब्यात सांडलेली,
तीच बोटानं पुसून खाल्ली.
पाठीमागं कडुनिंब, त्याच्या बुंध्यात
सिग्नलची तार इतकी आत गेलेली
की झाडानं ती गिळलीच म्हणायची.

बकऱ्या घेऊन एक म्हातारा आला.
“कायची वाट पाहून राह्यले बाप्पा?”
“गाडीची,” मी म्हणाले. मलाच हसू येत होतं.
तो हसला नाही.
डोळ्यांवर हात धरून त्यानं लांबवर पाहिलं,
मग आमच्याशेजारी उकिडवा बसला, बिडी पेटवली.
“लेट असन.”

एकवीसची सव्वीस झाली.
तेव्हा तुरीच्या वरून आधी एक डोकं दिसलं, लाल रिबीन,
मग निळी सायकल, शाळेतून मिळतात तसली,
हँडलला दुधाची रिकामी किटली आदळतेय.
मोबीन उठला.
पिशवीतून त्यानं हिरवं कापड काढलं
(हे आणलंय असं तो बोलला नव्हता)
आणि हात लांब करून धरलं.

पोरगी थांबली नाही, दचकली नाही,
इथं रोजच कुणीतरी हिरवं धरून उभं असतं
अशी घंटी वाजवून निघून गेली.
तायडेनं फुलपाखरू वाजवलं.
म्हाताऱ्यानं बिडी विझवून कानावर ठेवली :
“चला. गेली.”

मोबीननं पेन्सिलनं समासात लिहिलं, पाच मिनिटं,
अब्बांच्या अक्षराखाली, तितकंच बारीक.
कापडाची घडी त्याला नीट जमेना.
पुष्पलतानं ती घेतली, गुडघ्यावर घातली,
आणि पायडल मारता मारता इंगोलेला म्हणाली,
“अकरा. अकराच वर्षं.
माझा धाकटा तेव्हा दुसरीत होता.”